आधी लाईन बघा, मग इन्व्हर्टर घ्या

13 फेब्रुवारी 2024 रोजी ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली आणि छतावरची सौर वीज हा विषय शहरातल्या सोसायट्यांमधून निघून बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या ओट्यांवर येऊन बसला. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किलोवॅट आणि त्यापुढे 78 हजार रुपये, हे अनुदानाचे आकडे आता बहुतेकांना तोंडपाठ आहेत. पॅनल कोणत्या कंपनीचं, किती वॉटचं, यावरही चर्चा होते. भिंतीवर बसणाऱ्या पेटीबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. ती ठेकेदार आणतो, बसवतो आणि तिचा हिरवा दिवा लागला की काम झालं असं आपण मानतो. ही पुस्तिका त्या पेटीबद्दल आहे. नांदूरघाट आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांच्या घरी सिंगल फेज मीटर आहे, त्यांनी सौर इन्व्हर्टर कसा निवडावा, एवढाच तिचा विषय.

पॅनलला करायचं असतं ते थोडंच. ऊन पडलं की ते डीसी वीज देतं, ऊन गेलं की थांबतं. बाकी सगळं इन्व्हर्टर करतो. डीसीचं 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झच्या एसीत रूपांतर करतो; ऊन क्षणाक्षणाला बदलतं तसं पॅनलमधून जास्तीत जास्त वीज कोणत्या व्होल्टेजला निघेल ते शोधत राहतो, ज्याला एमपीपीटी म्हणतात; आणि महावितरणची लाईन ठीक आहे की नाही यावर दिवसभर नजर ठेवतो. लाईन बिघडली तर दोन सेकंदांच्या आत तिच्यापासून अलग होतो. पॅनलची हमी 25 वर्षांची असते, इन्व्हर्टरची साधारण 5 ते 10. म्हणजे एका पॅनलच्या आयुष्यात इन्व्हर्टर किमान एकदा बदलावा लागणार, हे धरूनच चालावं.

या पुस्तिकेतून मला एकच गोष्ट ठसवायची आहे. आमच्याकडे इन्व्हर्टर निवडताना छताच्या आधी लाईन बघावी लागते. पुण्या-मुंबईतला सल्ला छतापासून सुरू होतो : जागा किती, सावली कुठे, बिल किती. तिथे ते बरोबरच आहे, कारण तिथली लाईन सहसा जात नाही आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घराच्या जवळ असते. नांदूरघाटच्या परिसरात छत आणि ऊन या दोन्हींची कमतरता नाही. अडचण येते ती खांबावरून घरात येणाऱ्या तारेपाशी.

पहिली गोष्ट, लाईट गेल्यावर काय होतं. घरात जिन्याखाली बॅटरीचा जुना इन्व्हर्टर असतो, लाईट गेली की तो पंखा चालू ठेवतो. छतावरचा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला, सौर इन्व्हर्टर नेमकं उलट करतो. लाईट गेली की भर दुपारी, कडक उन्हात तोही बंद पडतो. यात बिघाड काही नाही. खांबावर वायरमन चढलेला असताना आपल्या छतावरची वीज लाईनमध्ये गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनी हे बंधनकारक केलं आहे, आणि आयएस 16169 या भारतीय मानकाप्रमाणे इन्व्हर्टरची तशी चाचणी होते. हा नियम कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून मोडू नये. पण विकताना ही गोष्ट स्पष्ट सांगितली जात नाही आणि मग 3 किलोवॅटचा संच छतावर असताना घरात मेणबत्ती लागते. ग्राहकाला वाटतं आपण फसलो. म्हणून ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ‘लाईट गेल्यावर माझ्या घरात काय चालू राहील?’ असा तो असावा.

मग तुमची जोडणी कोणत्या वाहिनीवर आहे ते बघा. 2005 नंतरच्या काळात ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. त्यातून गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचं काम झालं. गावठाणातल्या घराला आज बहुतेक वेळ वीज असते. तिथे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर चांगला चालतो. पण आपल्याकडे अनेक कुटुंबं गाव सोडून शेतातल्या वस्तीवर राहतात. तिथली जोडणी कृषी वाहिनीवर असेल तर पुरवठा आठ तासांच्या पाळीने येतो, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत लाईन दिवसा मृत असते. ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला धरायला लाईनच नसते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं सगळं ऊन वाया जातं. अशा वस्तीवर ऑन-ग्रिड संच बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे, हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो. तिथे बॅटरीसह ऑफ-ग्रिड (लाईनशिवाय चालणारा) किंवा हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टरच हवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली की हे चित्र बदलेल, पण तुमच्या वाहिनीवर ते प्रत्यक्ष घडलं आहे का, हे आधी लाईनमनला विचारून घ्या.

आता व्होल्टेज. या प्रस्तावनेतला सर्वांत लांब भाग याच विषयाचा आहे, कारण बंद पडणाऱ्या संचांमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

महावितरणने घराला 230 व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण 216 ते 244 व्होल्टच्या दरम्यान वीज द्यावी, अशी अपेक्षा असते. इन्व्हर्टर त्याहून थोडी मोठी हद्द सहन करतो : 230 च्या 80 टक्क्यांपासून 110 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 184 ते 253 व्होल्ट. या बाहेर गेलं की तो अलग होतो. आता, इन्व्हर्टरला वीज लाईनमध्ये ढकलायची असते. आपल्या बाजूची पातळी थोडी वर असल्याशिवाय पाणी पलीकडे वाहत नाही, तसंच इथे आहे. इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज लाईनपेक्षा वर न्यावं लागतं. किती वर, हे तारेच्या रोधावर ठरतं.

हिशेब अवघड नाही. 3 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर भर उन्हात साधारण 13 अँपिअर देतो. खांबापासून मीटरपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर 30 मीटर लांब असेल, तर जाणं-येणं मिळून तिचा रोध 0.44 ओहमच्या आसपास येतो, आणि तेवढ्यातच पावणेसहा व्होल्ट चढतात. तीच वायर 10 चौरस मिलिमीटरची असेल तर चढ अडीच व्होल्टच्या आत राहतो. त्यापुढे खांबांवरची लाईन. डीपीपासून अर्धा किलोमीटर लांब, बारीक ‘स्क्विरल’ तारेच्या शेवटच्या टोकाला घर असेल आणि दुपारी शेजारी कोणी फारशी वीज वापरत नसेल, तर आणखी सतरा-अठरा व्होल्ट चढू शकतात. डीपीवर 235 व्होल्ट असले तरी तुमच्या इन्व्हर्टरपाशी 258 होतात, आणि तो बंद पडतो. काही मिनिटांनी पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. हे नेमकं एप्रिल-मेच्या दुपारी, सर्वांत चांगल्या उन्हात घडतं. मोबाईलवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असा संदेश दिसतो, आणि घरमालक इन्व्हर्टरला दोष देतो.

काही जण यावर सोपा उपाय करतात. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन वरची हद्द 265 किंवा 270 व्होल्टवर नेतात. संच चालू राहतो, पण त्या वाढीव व्होल्टेजवर तुमचा आणि शेजाऱ्याचा टीव्ही, फ्रिज, मोबाईलचे चार्जर चालतात. हा उपाय मुळीच मान्य करू नका. इन्व्हर्टरमध्ये भारताचा ग्रिड कोड निवडलेला असावा आणि तो तसाच राहावा. या सेटिंगचं महत्त्व किती, हे जर्मनीने अनुभवलं आहे. तिथल्या लाखो सौर संचांमधले इन्व्हर्टर लाईनची वारंवारता 50.2 हर्ट्‌झला पोचली की एकदम बंद होतील असे लावले गेले होते. ते सगळे एकाच क्षणी सुटले तर देशाची वीजव्यवस्था कोसळेल हे लक्षात आल्यावर 2012 साली सरकारी नियम करून ती सेटिंग बदलून घ्यावी लागली. आपल्या घरातला एक आकडा सगळ्या लाईनशी असा जोडलेला असतो. खरा उपाय तारेत आहे : जाड सर्व्हिस वायर, घट्ट जोड, आणि शक्य असेल तर लांबच्या टोकाला 5 ऐवजी 3, किंवा 3 ऐवजी 2 किलोवॅटचाच संच.

न्यूट्रलचं सांगायलाच हवं. डीपीवर किंवा मधल्या खांबावर न्यूट्रलचा जोड सैल झाला की तीन फेजवरचा भार असमान असल्याने एका फेजचं व्होल्टेज खाली जातं आणि दुसऱ्याचं 300 च्याही वर चढू शकतं. गावातली किती तरी उपकरणं अशाच एखाद्या रात्री जळालेली असतात. चांगला इन्व्हर्टर अशा वेळी स्वतःला लाईनपासून अलग करतो, पण घराला तो वाचवत नाही. त्यासाठी मीटरनंतर वेगळं ओव्हर-अंडर व्होल्टेज संरक्षण लावावं लागतं. त्याचा खर्च एका फ्रिजच्या दुरुस्तीपेक्षा कमी येतो.

किती किलोवॅटचा इन्व्हर्टर, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतो आहे. 1 किलोवॅटचा संच महिन्याला साधारण 120 युनिट वीज देतो. आपल्याकडच्या पुष्कळ घरांचा वापर 100 युनिटांच्या आत आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालील आणि 100 युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी, 1 किलोवॅटच्या संचाला केंद्राच्या 30 हजारांवर आपलं जादा अनुदान जोडणारी ‘स्मार्ट’ योजना आणली. अशा घराने 3 किलोवॅटच्या मागे लागण्याचं कारण नाही. पण 1 किलोवॅटमध्ये एक तांत्रिक खोच आहे. 540 वॉटचं एक पॅनल कामाच्या स्थितीत साधारण 41 व्होल्ट देतं. दोन मिळून 82. हे आकडे 25 अंश तापमानाचे. मे महिन्यात स्लॅबवर पॅनलच्या काचेआडचं तापमान 65-70 अंशांवर जातं आणि व्होल्टेज 70 च्या आसपास उतरतं. बऱ्याच 3 किलोवॅटच्या इन्व्हर्टरची एमपीपीटीची खालची हद्द 80 व्होल्ट किंवा त्याहून वर असते. ‘पुढे पॅनल वाढवता येतील, आत्ताच मोठा इन्व्हर्टर घ्या’ असं सांगून दोन पॅनलवर असा इन्व्हर्टर बसवला, तर सकाळी तो चालू होतो आणि दुपारी उन्हाच्या ऐन भरात रेंगाळतो. दोन पॅनलसाठी 50-60 व्होल्टपासून काम करणारा छोटा इन्व्हर्टरच हवा. माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो. तो बोट ठेवून दाखवायला सांगा.

उलट बाजूची चूकही होते. आजची पॅनल 13-14 अँपिअर देतात आणि काही मोठ्या पेशींची पॅनल त्याहून जास्त. जुन्या साठ्यातला स्वस्त इन्व्हर्टर 11 किंवा 12 अँपिअरच घेणारा असेल तर वरचा प्रवाह तो घेतच नाही. पॅनल मात्र इन्व्हर्टरपेक्षा थोडी जास्त असायला हरकत नाही. आपल्या उष्णतेत पॅनल आपली पूर्ण क्षमता क्वचितच देतं. 3 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर 540 वॉटची सहा पॅनल, म्हणजे 3.24 किलोवॅट, ही चांगली जोडी आहे. अनुदान मोजताना पॅनल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी असेल ती धरतात, हेही लक्षात असू द्या. कार्यक्षमता 97 टक्के की 98, यावर घासाघीस करू नका. 3 किलोवॅटच्या संचाला त्या एका टक्क्याने दिवसाला युनिटाच्या आठव्या भागाचा फरक पडतो.

बीड जिल्ह्याचा म्हणून एक खास प्रश्न आहे, आणि तो मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप असतं. त्या काळात छतावरचा संच वीज तयार करत राहतो आणि सगळी वीज महावितरणकडे जमा होते. पाच महिन्यांत 1 किलोवॅटची 600 युनिटं, 3 किलोवॅटची 1800. कागदावर हे छान दिसतं. पण नेट मीटरिंगच्या, म्हणजे दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या, नियमांप्रमाणे शिल्लक युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस, 31 मार्चला मिटवला जातो. उरलेली युनिटं महावितरण नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतं, आणि तो दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा कमी असतो. म्हणजे कुटुंब परत येऊन पंखा-कूलर लावणार, त्याच्या तोंडावरच साठा संपलेला असतो आणि एप्रिलपासून पाटी कोरी. नियम कोणी मुद्दाम ऊसतोड कामगारांच्या विरोधात केलेला नाही, पण तो त्यांच्यावर पडतो, आणि त्यांच्या वर्षाची मोजणी ऑक्टोबर ते सप्टेंबर धरावी ही मागणी करायला हवी. तोपर्यंत अशा घराने उन्हाळ्याच्या वापराएवढाच संच घ्यावा, मोठा नको. आणि इन्व्हर्टर असा घ्यावा ज्याची माहिती सिमकार्डवरून मोबाईलवर येते. वाय-फायवर चालणारी सोय कुलूपबंद घरात कामाची नाही. सांगली-कोल्हापूरच्या फडातून आपल्या घरचा संच चालू आहे की नाही हे कळलं पाहिजे.

इन्व्हर्टर कुठे बसवावा याबद्दल आत सविस्तर आहे. इथे एवढंच, की पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली तो नको. बहुतेक इन्व्हर्टर 45 अंशांच्या पुढे स्वतःची क्षमता कमी करत जातात, आणि आपल्या मेमध्ये उघड्या भिंतीवर ते तापमान रोज येतं. उत्तरेची भिंत, वर छोटं छप्पर, चारी बाजूंनी हात-दीड हात मोकळी हवा. अर्थिंगकडे मात्र विशेष लक्ष द्या. बालाघाटाच्या पठारावर मुरूम आणि खाली काळा पाषाण. अशा जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग संपतो. मृगाच्या आधी वीज कडाडते ती नेमकी याच दिवसांत. डीसी, एसी आणि वीजरोधक यांचे खड्डे वेगवेगळे असावेत आणि टँकरच्या पाण्यातली एखादी बादली त्यांच्यासाठी राखावी. पाण्याची टंचाई ज्याने भोगली त्याला हे सांगताना जड जातं, पण ते गरजेचं आहे.

हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीबद्दल उत्साह वाढतो आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि लाईट वारंवार जाते त्याने तो जरूर घ्यावा. पण बॅटरीला वेगळं अनुदान नाही, आणि लाईट गेल्यावर हायब्रिड इन्व्हर्टर सगळं घर चालवेल असं समजू नये. त्याच्या बॅकअप बाजूची क्षमता वेगळी लिहिलेली असते. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज, मुलांच्या अभ्यासाचा कोपरा, एवढं त्यावर द्यावं. बोअरची मोटार देऊ नये. एक अश्वशक्तीची मोटार चालताना पाऊण किलोवॅटपेक्षा जास्तच घेते, पण सुरू होताना तिचा प्रवाह पाच-सहा पट होतो आणि इन्व्हर्टर तिथेच बसतो. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांना मी सरळ सांगेन : ऑन-ग्रिड सौर घ्या आणि जिन्याखालचा जुना बॅटरी इन्व्हर्टर तसाच ठेवा. दोन्ही आपापलं काम करतात.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. आपल्या डोंगरांवर तर पवनचक्क्या उभ्या आहेत, उन्हाचे दिवसही साताऱ्यापेक्षा जास्त. नांदूरघाटला तसं होण्यात ऊन, छत, अनुदान यांपैकी कशाचीच अडचण नाही. अडचण होईल ती चुकीच्या पेट्या बसल्या, दुपारी बंद पडू लागल्या आणि ‘सौर काही खरं नाही’ असं गावात पसरलं तर. एक फसलेला संच दहा घरांना मागे खेचतो. म्हणूनच ही पुस्तिका.

सेवा कोण देणार, हे विकत घेण्याआधी ठरवा. योजनेखाली ठेकेदाराने 5 वर्षं देखभाल करायची असते. ती लेखी घ्या, आणि त्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र बीडला, अंबाजोगाईला की थेट पुण्याला आहे ते विचारा. आणि कोटेशनवर सही करण्याआधी एक काम स्वतः करा. तीन-चारशे रुपयांचं व्होल्टमीटर घ्या किंवा गावातल्या वायरमनकडून मागून आणा. आठ दिवस सकाळी नऊ, दुपारी एक आणि रात्री आठ वाजता घरातलं व्होल्टेज वहीत लिहा. लाईट कधी गेली, किती वेळ गेली, तेही लिहा. ती वही ठेकेदारासमोर ठेवा आणि मग इन्व्हर्टरचं बोला.